कर्करोग बरा होणार नसला, तरी रक्तस्राव थांबवता येतो

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री आणि मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र शासन,
तसेच कोल्हापूर जिल्ह्यात कर्करोग, हृदयरोग आणि रेडिओलॉजी विभागांत काम करणारे माझे सर्व सहकारी डॉक्टर,

सविनय नमस्कार.

ज्यांच्या फाईलवर ‘आजार बरा होण्यासारखा नाही’ असे लिहिलेले असते, अशा कर्करोगाच्या रुग्णांची देखभाल करणारी मी कोल्हापुरातील एक डॉक्टर आहे. वेदना, उलट्या, जखमेचा वास, उडालेली झोप आणि घरच्यांची घालमेल हे माझ्या रोजच्या कामाचे विषय आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांवर आज चांगली औषधे हाताशी आहेत. परंतु या रुग्णांवर कधीकधी असे संकट कोसळते की तिथे गोळ्या-इंजेक्शनांचा उपयोग होत नाही. गाठीने पोखरलेली किंवा रेडिएशनने कमकुवत झालेली धमनी फुटते, नाहीतर रक्ताची गुठळी अडकून एखादी धमनी बंद पडते. अशा वेळी जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी आत सरकवून, फुटलेली धमनी आतूनच बुजवणे किंवा तुंबलेली धमनी मोकळी करणे हा उपचार जगभर रुळलेला आहे. तो कोल्हापुरात दिवसा-रात्री कोणत्याही वेळी मिळावा, आणि ‘कर्करोग किती पसरला आहे’ एवढ्या एकाच प्रश्नावर तो नाकारला जाऊ नये, ही या पत्रातील मागणी आहे. वैद्यकीय शिक्षण आणि सार्वजनिक आरोग्य ही दोन्ही खाती आज आपल्याच जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींकडे आहेत. त्यामुळे हे सांगायला मुंबई गाठण्याची गरज नाही, इथूनच सांगता येईल, असे मला वाटले.

मानेतील धमनीपासून सुरुवात करते, कारण आपल्या भागाशी तिचा संबंध फार जवळचा आहे. कागल ओलांडले की निपाणी येते, आणि निपाणीची तंबाखूची बाजारपेठ साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आपल्याकडे गड्याच्या कनवटीला चंची असते, बायका सकाळी मिश्री लावतात आणि कॉलेजातली मुले पुड्या फोडतात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे दिसले, आणि त्यांतले बहुतेक तो ओढणारे नसून चघळणारे किंवा लावणारे होते. त्याचा परिणाम गाल, जीभ, हिरडी आणि जबडा यांच्या कर्करोगात दिसतो. जबड्याचा भाग काढला जातो, मानेतल्या गाठी काढल्या जातात, मग सहा-सात आठवडे रेडिएशन चालते. वर्ष-दीड वर्षाने आजार मानेतच उलटला, तर पुन्हा शस्त्रक्रिया किंवा पुन्हा रेडिएशन करावे लागते.

या साऱ्या उपचारांचा भार मानेतल्या कॅरोटिड धमनीवर पडतो. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या या धमनीच्या भिंतीला स्वतःचे पोषण मिळते ते अत्यंत सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून, आणि रेडिएशनमुळे नेमक्या त्याच जळून जातात. शस्त्रक्रियेत धमनीवरचे स्नायूंचे पांघरूण निघालेले असते. त्यात जखम उघडी पडली, लाळ झिरपू लागली, जंतुसंसर्ग झाला की भिंत कुजत जाते आणि एके दिवशी फाटते. मानेच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत हे प्रमाण शंभरात तीन-चार असे सांगितले जाते, आणि आधी रेडिएशन झालेले असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. मान उघडून धमनी बांधणे हाच एक मार्ग होता, त्या काळातील वैद्यकीय साहित्यात अशा प्रसंगी मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्के आणि पक्षाघातासारख्या मेंदूच्या विकारांचे प्रमाण सुमारे ६० टक्के असे आकडे वारंवार येतात.

मात्र ही धमनी पुष्कळदा आधी इशारा देते, आणि माझा सारा आग्रह या इशाऱ्यावर उभा आहे. मोठ्या रक्तस्रावाच्या काही तास किंवा काही दिवस आधी थोडे रक्त येते आणि आपोआप थांबते. कागल तालुक्यातील एका घरात मी हे पाहिले. गृहस्थ पन्नाशीचे, साखर कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर चालक होते. गालाचा कर्करोग मानेत उलटलेला, उजव्या जबड्याखाली रुपयाएवढी उघडी जखम. एका पहाटे त्यांच्या पत्नीला उशीच्या अभ्र्यावर तळहाताएवढा लाल डाग दिसला. ड्रेसिंग भिजलेले होते, पण उजाडेपर्यंत रक्त थांबले होते. माउलीने अभ्रा धुऊन वाळत घातला, ड्रेसिंग बदलले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी औषधाचा विषय निघाला तेव्हा फोनवर ओघात सांगितले, “थोडं रक्त आलेलं बाई काल, पण आपसूक थांबलं.” मी त्यांना तातडीने रुग्णालयात न्यायला लावले. एका ठिकाणी फाईलची पहिली दोन पाने चाळून ‘आता यात काही करण्यासारखे नाही, घरी न्या’ असे सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी यंत्र होते, परंतु हे काम करणारे तज्ज्ञ बाहेरगावाहून ठराविक वारी येतात, असे कळले. त्याच रात्री घरी ती धमनी फुटली. मी पोहोचले तेव्हा सारे संपले होते. त्यांची पत्नी पदराचा बोळा हातात तसाच धरून मला म्हणाली, “मी दाबून धरलं होतं हो बाई, सोडलं नव्हतं.” थोरला मुलगा बारावीत होता आणि हे सगळे त्याच्यासमोर घडले.

त्या दुपारी काय करता आले असते, हे मंत्रिमहोदयांनी समजून घ्यावे, अशी विनंती आहे. सीटी अँजिओग्राफीत धमनीवर आलेला फुगा किंवा खडबडीत कडा दिसली असती. मग जांघेतील धमनीतून नळी मानेपर्यंत नेऊन दोनपैकी एक उपाय करता आला असता. एक म्हणजे कापडासारखे आवरण असलेला स्टेंट (जाळीची नळी) आतून बसवून फाटू पाहणारी जागा झाकणे, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा चालूच राहतो. दुसरा म्हणजे धातूच्या बारीक कॉईल भरून धमनीचा तेवढा भाग कायमचा बंद करणे. बंद करण्यापूर्वी शक्य असेल तर नळीच्या टोकाचा छोटा फुगा फुगवून सुमारे अर्धा तास रक्तप्रवाह रोखून धरतात आणि रुग्णाशी बोलत, त्याला हात-पाय हलवायला लावत, दुसऱ्या बाजूच्या धमन्या मेंदूचा भार उचलतात की नाही, हे पाहतात. पुष्कळदा तर रक्त मुख्य धमनीतून येतच नसते. ते जिभेला किंवा चेहऱ्याला जाणाऱ्या फांदीतून येत असते, आणि तेवढी फांदी बुजवली तर मेंदूला धक्का लागत नाही. हे सारे पूर्ण भूल न देताही करता येते, आणि मोठी चीर तर कुठेच घ्यावी लागत नाही.

या उपायांच्या मर्यादाही मी लिहिते, कारण अर्धे सांगून मागणी करणे मला पटत नाही. उघड्या, पू असलेल्या जखमेत बसवलेल्या स्टेंटला जंतुसंसर्ग होऊ शकतो, काही आठवड्यांनी पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो, आणि स्टेंट बंद पडू नये म्हणून द्यावी लागणारी रक्त पातळ करणारी औषधे अशा रुग्णात दुधारी ठरतात. धमनी बंद केल्यास सर्व चाचण्या ठीक येऊनही पक्षाघाताची शक्यता उरते. कर्करोग तर आहे तिथेच राहतो. तरीही इशाऱ्याच्या रक्तस्रावाच्या वेळी, शांतपणे, तयारीनिशी केलेली प्रक्रिया आणि धमनी फुटल्यावर जीव मुठीत धरून केलेली धावपळ यांत फार मोठे अंतर आहे. मिळालेले दोन-तीन महिने माणूस घरी, शुद्धीवर, आपल्या माणसांत घालवतो. त्या महिन्यांची किंमत त्या घराने ठरवावी. केवळ फाईल पाहून ती कोणी ठरवू नये.

फुफ्फुसाच्या कर्करोगात खोकल्यातून रक्त पडते. मोठ्या प्रमाणात रक्त येते तेव्हा माणूस बहुतेक वेळा रक्त कमी झाल्याने दगावत नाही. श्वासनलिका रक्ताने भरून तो गुदमरतो, आणि त्याला अर्धा पेलाभर रक्तही पुरते. अशा मोठ्या रक्तस्रावांपैकी सुमारे ९० टक्के वेळा रक्त श्वासनलिकांना पोसणाऱ्या ब्रॉन्किअल धमन्यांतून येते. या धमन्यांत वाळूसारखे अतिसूक्ष्म कण सोडून त्या बुजवण्याची पद्धत सत्तरच्या दशकात फ्रान्समध्ये सुरू झाली आणि आज ती क्षयरोगाच्या जुन्या रुग्णांतही वापरली जाते. आपल्या भागात क्षयाने फुफ्फुस खराब झालेले रुग्ण काही थोडे नाहीत, त्यामुळे ही सोय उभी राहिली तर तिचा लाभ फक्त कर्करोगापुरता राहणार नाही. इथे हात मात्र सराईत हवा. मज्जारज्जूला रक्त पुरवणारी फांदी कधीकधी याच धमनीतून निघते, आणि ती नजरेतून सुटली तर रुग्णाचे दोन्ही पाय लुळे पडू शकतात. म्हणूनच हे काम ‘कोणीतरी करून टाकेल’ या भरवशावर सोडता येत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा उल्लेख करावाच लागेल. चंदगड, आजरा, भुदरगड, शाहूवाडी अशा डोंगरी तालुक्यांतून येणाऱ्या बायका अंगावरून जाणारे रक्त महिनोन्‌महिने लपवतात आणि हिमोग्लोबिन चार-पाचवर आले की चक्कर येऊन पडतात. कापडी बोळ्याने दाबून धरणे, एकाच बैठकीत रेडिएशनचा मोठा डोस देणे, असे उपाय आधी केले जातातच. पण रेडिएशनचा पूर्ण कोटा आधीच संपलेल्या बाईत पुन्हा रक्त सुरू झाले, तर कटीच्या भागातील धमनीच्या फांद्या आतून बुजवणे हा उत्तम आणि कमी त्रासाचा मार्ग असतो. अशी बाई आज रक्ताच्या पिशव्या चढवून घरी पाठवली जाते, आठ-पंधरा दिवसांत परत येते आणि पुन्हा रक्त चढवून घरी जाते. प्रत्येक खेपेला रक्तपेढीतून दोन-तीन पिशव्या, जीपचे भाडे आणि नवऱ्याची बुडालेली रोजी. जिथून रक्त जाते आहे ती जागाच बंद केली, तर हे सारे वाचते. रेडिएशननंतर लघवीतून थांबता न थांबणारे रक्त जाते तेव्हाही हाच विचार लागू पडतो. यकृतातील फुटलेली गाठ, स्वादुपिंडाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पोटात फुगलेली आणि फुटायला आलेली धमनी यांचाही याच यादीत समावेश होतो. त्यांच्या तपशिलात इथे जात नाही.

धमनी फुटण्याविषयी निदान बोलले तरी जाते. धमनी बंद पडण्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. कर्करोगात रक्त गोठण्याकडे कलते आणि सिस्प्लॅटिनसारखी काही औषधे त्यात भर घालतात. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, नव्याने कर्करोग झालेल्या ज्येष्ठ रुग्णांपैकी ४.७ टक्क्यांना पहिल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात असा धमनी बंद पडण्याचा प्रकार घडला. कर्करोग नसलेल्या त्याच वयाच्या लोकांत हे प्रमाण २.२ टक्के होते. आजार जितका पुढे गेलेला, तितका हा धोका जास्त.

हाच प्रकार पायात झाला तर काय होते, ते मी घरोघरी पाहिले आहे. पाय आधी पांढराफटक, मग निळसर होतो, गार पडतो आणि पावलावरची नाडी लागत नाही. कळ इतकी असते की मॉर्फिनचा डोस वाढवूनही माणूस शांत होत नाही. घरचे समजतात की अशक्तपणामुळे पाय गार पडला, आणि तेल चोळत, शेकत बसतात. पाय वाचवायला हातात साधारण सहा तास असतात. नळी घालून गुठळी खेचून काढता येते, किंवा गुठळीत सोडलेल्या औषधाने ती विरघळवता येते. मेंदूत गाठी पसरल्या असतील तर विरघळवण्याचे औषध धोक्याचे, म्हणून तिथे खेचून काढण्यालाच प्राधान्य द्यावे लागते. हे झाले नाही तर पाय काळा पडतो, आणि मग आयुष्याचे थोडे महिने उरलेल्या माणसापुढे मांडीतून पाय कापण्याचा किंवा कुजलेला पाय घेऊन अंथरुणाला खिळण्याचा पर्याय ठेवला जातो. ‘एवढ्या आजारात पाय वाचवून काय करायचे’ असा प्रश्न मला जबाबदार माणसांनी विचारला आहे. त्या पायाने तो माणूस संडासापर्यंत स्वतः चालत जातो, हे माझे उत्तर आहे. अंथरुणात घाण करावी लागण्याची लाज किती माणसांना मरणाच्या भीतीहून जड जाते, हे त्यांच्या उशाशी बसल्याशिवाय कळत नाही.

या शास्त्राचा उगमही अशाच एका पायात आहे. स्वीडनमधील सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये सुई आणि तारेच्या साहाय्याने धमनीत नळी घालण्याची पद्धत मांडली. जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन येथे चार्ल्स डॉटर यांनी त्याच वाटेने एका ८२ वर्षांच्या स्त्रीच्या पायातील अरुंद झालेली धमनी रुंद केली. त्या बाईंच्या पायाला गँगरीन झाले होते आणि पाय कापून घ्यायला त्यांनी साफ नकार दिला होता. पुढे त्या शेवटपर्यंत स्वतःच्या दोन पायांवर चालल्या. ज्या उपचाराचा पहिला रुग्णच वयाने थकलेला आणि शस्त्रक्रिया नको म्हणणारा होता, तो उपचार आज थकलेल्या माणसाला तो थकलेला आहे म्हणून नाकारला जावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता कोल्हापूरविषयी. इथे फक्त बारा तालुक्यांचे रुग्ण येत नाहीत. सांगली, सिंधुदुर्ग, रत्नागिरीचा दक्षिण भाग, निपाणी आणि चिकोडी हा सारा प्रदेश उपचारासाठी कोल्हापूरचा रस्ता धरतो. इथून पुणे सुमारे २३० किलोमीटर आणि मुंबईचे टाटा रुग्णालय त्याहून दीडशे किलोमीटर पुढे. सातारा ते कागल रस्त्याचे रुंदीकरण सुरू असल्याने वाटेत किती वेळ लागेल, हे आज कोणी खात्रीने सांगू शकत नाही. मानेतून रक्त येणाऱ्या माणसाला एवढ्या लांब पाठवणे म्हणजे त्याला वाटेवर सोडून देणे होय. चंदगडच्या रुग्णाला तर कोल्हापूर गाठायलाच शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, तिने अनेक जीव वाचवले आहेत. पण रुग्णवाहिकेला कुठे तरी पोहोचायचे असते, आणि ते ठिकाण आपण ठरवलेले नाही.

ही सोय शून्यातून उभी करायची नाही. जे टेबल आणि जे क्ष-किरण यंत्र हृदयाच्या अँजिओप्लास्टीसाठी वापरले जाते, त्यावर शरीराच्या इतर धमन्यांची पुष्कळशी कामे होऊ शकतात, आणि अशा कॅथ लॅब कोल्हापूर शहरात आहेत. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णासाठी रात्री अडीच वाजता तंत्रज्ञ, परिचारिका आणि डॉक्टर तासाभरात हजर होतात, हे या शहराने करून दाखवले आहे. उणीव आहे ती धमन्यांच्या इतर कामांसाठी प्रशिक्षित इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टची, त्यांच्या रात्रपाळीची आणि कपाटात आधीपासून ठेवलेल्या साहित्याची. कॉईल, कण, गोंदासारखे द्रव्य, आवरण असलेले स्टेंट हे मागणी नोंदवल्यावर बाहेरगावाहून येणार असतील, तर तज्ज्ञ हजर असूनही हात बांधलेले राहतात. म्हणून माझी विनंती आहे की राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीची पूर्णवेळ पदे असावीत आणि ती सतत भरलेली राहावीत. या विषयात डीएमचा (एमडीनंतरचा अतिविशेष) अभ्यासक्रम देशात सुरू झालेला आहे. चांगले पद, चांगले यंत्र आणि कामाला माणसे मिळाली, तर शिकून तयार झालेली आपल्याच भागातील मुले परत येतील. शेंडा पार्कात ११०० खाटांचे जे रुग्णालय संकुल उभे राहत आहे, त्यात कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय आहे. त्याच्या आराखड्यात धमन्यांच्या या उपचारांची खोली पहिल्यापासून धरली जावी. इमारत पूर्ण झाल्यावर भिंती फोडून ती बसवणे फार महाग पडते.

संकुल पूर्ण होईपर्यंत सरकारी आणि खासगी रुग्णालयांनी मिळून पाळ्या वाटून घ्याव्यात. आज रात्री कोणाची पाळी आहे आणि कोणत्या कॅथ लॅबमध्ये टेबल उपलब्ध आहे, हे सीपीआरच्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या) अपघात विभागात आणि १०८ च्या चालकाला एका फोनवर कळावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी सर्वांना एका टेबलाभोवती बसवले, तर महिन्याभरात हे होऊ शकते, असा माझा विश्वास आहे.

खर्चाविषयी. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणारी योजना गरिबांसाठी मोठा आधार ठरली आहे, आणि आता तिचे संरक्षण कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंत गेले आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की कर्करोगाच्या रुग्णाचा रक्तस्राव आतून थांबवण्याचा उपचार आणि त्याला लागणारे महागडे साहित्य कोणत्या शीर्षाखाली मंजूर होते, हे रात्री दोन वाजता योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, एका नजरेत कळले पाहिजे. मंजुरी देताना ‘आजार बरा होण्याची शक्यता’ हा निकष या उपचाराला लावू नये. त्रास कमी होणे, रक्तस्राव थांबणे, पाय वाचणे हेही उपचाराचे फळ आहे, हे लेखी मान्य केले जावे. तातडीच्या वेळी आधी उपचार आणि मागून कागदपत्रे ही पद्धत योजनेत आहेच, तिचा लाभ या रुग्णांनाही निःसंकोच मिळावा.

सहकारी डॉक्टरांना दोन गोष्टी विनवते. मानेची शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरी जाताना दिल्या जाणाऱ्या कार्डावर मराठीत, ठळक अक्षरांत एक ओळ छापा: ‘जखमेतून किंवा तोंडातून थोडे जरी लाल रक्त आले आणि थांबले, तरी त्याच तासाला रुग्णालयात या.’ खाली फोन क्रमांक द्या. पायाविषयीही अशीच ओळ हवी. या छपाईला काही पैशांचा खर्च येईल, पण कागलच्या त्या घरात असे कार्ड असते, तर जवळजवळ दीड दिवस हाती आला असता.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. हा उपचार प्रत्येकाला करावा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. जो रुग्ण शेवटच्या काही दिवसांत आहे, ज्याचे मूत्रपिंड आणि यकृत दोन्ही थकले आहेत, किंवा जो स्वतःच ‘आता पुरे’ म्हणतो आहे, त्याला टेबलावर चढवणे अन्याय होईल. पण तोही निर्णय रक्त वाहत असताना, दारात, स्ट्रेचरवर घ्यायचा नसतो. धोका दिसू लागला की रुग्णाला आणि घरच्यांना समोर बसवून, असे होऊ शकते, झाले तर हे करता येईल, त्यातून एवढे मिळेल आणि एवढे धोके आहेत, हे सांगायला हवे, आणि त्यांनी ‘नको’ म्हटले तर तेही फाईलवर लिहायला हवे. ‘नको’ म्हणणाऱ्या घराला नुसते ‘घरी न्या’ म्हणून सोडता येत नाही. त्या घरात गडद रंगाचे, शक्यतो मरून किंवा काळे टॉवेल हाताशी ठेवायला सांगावेत, म्हणजे रक्त पांढऱ्या चादरीवर पसरलेले पाहून कोणी हादरून जाणार नाही. रक्त येते त्या कुशीवर रुग्णाला वळवायचे असते. मिडाझोलामसारखे झोपेचे इंजेक्शन आधीच भरून, कसे द्यायचे ते शिकवून ठेवता येते. मॉर्फिनबाबतचा अमली पदार्थांचा कायदा २०१४ मध्ये सुधारला गेला, त्यामुळे मान्यताप्राप्त संस्थांना ते देणे आता सोपे झाले आहे, तरी अनेक तालुक्यांत ते अजून मिळत नाही, त्याकडेही मा. आरोग्यमंत्र्यांनी पाहावे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे त्या वेळी रुग्णाला एकटे सोडून कोणी मदत शोधायला धावू नये, एकाने हात धरून बसावे, हे घरच्यांना आधी सांगितलेले असले पाहिजे.

माझ्याच क्षेत्रातील काही जणांना नळी, स्टेंट, कॉईल ही नावे ऐकली की वाटते, मरणाच्या दारातल्या माणसाला आणखी कशाला छळायचे. त्यांच्या कळवळ्याबद्दल मला आदर आहे. परंतु तोंडातून रक्ताच्या गुळण्या येत असताना मुलांसमोर जाणे आणि काही आठवड्यांनी झोपेत जाणे, या दोन्हींना एकच मरण मानता येत नाही. वेदना थांबवणे आमचे काम असेल, तर रक्त थांबवणेही आमचेच काम आहे.

मा. मंत्रिमहोदयांनी या विषयावर जिल्हाधिकारी, वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता, जिल्हा शल्यचिकित्सक आणि कॅथ लॅब असलेल्या रुग्णालयांचे प्रतिनिधी यांची एक बैठक लवकरात लवकर बोलवावी. रुग्णांच्या वतीने बोलायला आणि रात्रपाळीचा कच्चा आराखडा मांडायला मी आणि माझे काही सहकारी हजर राहू. मराठीतील कार्डाचा मसुदा आम्ही तयार केला आहे. जे रुग्णालय मागेल त्याला तो विनामूल्य देऊ, आणि त्यावर स्वतःचा फोन क्रमांक छापण्याची जबाबदारी त्या रुग्णालयाने घ्यावी.

कळावे,

आपली नम्र,
कोल्हापुरातील एक डॉक्टर